बाळंतपणातला रक्तस्राव, खेड्यातली नोंदवही आणि बेळगावात उभं राहिलेलं आरोग्य संशोधन

टिळकवाडीत राहणाऱ्याला व्हॅक्सिन डेपो कुठे आहे हे सांगावं लागत नाही. पहाटे फिरायला, रविवारी क्रिकेटला, कधी सभा-मेळाव्याला माणूस तिथे जातोच. नावातल्या 'व्हॅक्सिन'कडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. देवीच्या साथी चालू होत्या त्या काळात इथे लशीचं काम चालायचं. १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आज आपल्यासाठी तिथे उरलंय ते मैदान, झाडं आणि नाव.

ही आठवण अशासाठी की आरोग्याच्या क्षेत्रात एखादी संस्था उभी करणं एक, आणि ती पुढच्या पन्नास वर्षांत कामाची ठेवणं दुसरं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सार्वजनिक आरोग्याचं संशोधन आणि प्रशिक्षण कसं उभं करायचं, यावर परिषदा भरतात, अहवाल निघतात. पण त्याचं एक चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, खेड्यापाड्यांत २००१ पासून घडत आलंय. जगभरच्या डॉक्टरांना 'बेळगाव' हे नाव त्यामुळे माहीत आहे. सीमाभागातल्या वाचकाला ते बहुधा माहीत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात एका गोळीने

२००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचच्या बालआरोग्य विभागाने, 'ग्लोबल नेटवर्क' नावाचं जाळं सुरू केलं. सुरुवातीला त्यात गेट्स फाउंडेशनचाही पैसा होता. विषय माता आणि बालकांचं आरोग्य. पद्धत अशी ठरली की प्रत्येक ठिकाणी एक स्थानिक संस्था आणि एक अमेरिकन विद्यापीठ अशी जोडी असेल, आणि दोन्हीकडचे मुख्य संशोधक बरोबरीने काम करतील. बेळगावात ही जबाबदारी केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजकडे आली. कॉलेज १९६३ चं. डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डरमन ही नावं या कामाशी पहिल्यापासून जोडलेली आहेत.

पहिला मोठा प्रश्न घेतला तो बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर रक्त थांबत नाही. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं तर त्याला डॉक्टर रक्तस्राव म्हणतात, एक लिटरच्या वर गेलं तर गंभीर. मूळची अंगात रक्त कमी असलेली बाई तर त्याआधीच हातची जाऊ शकते. आमच्या घरात 'तिला रक्त जास्त गेलं' एवढंच वाक्य एका काकूविषयी सांगितलं जायचं, आणि पुढे कुणी काही बोलायचं नाही. गावागावांत अशी एकेक काकू आहे.

यावर उपाय होता, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. पण ते थंडाव्यात ठेवावं लागतं, सुई टोचणारं शिकलेलं माणूस लागतं, आणि त्या काळात खेड्यात घरी जाऊन बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंना, म्हणजे एएनएमना, ते द्यायची परवानगी नव्हती. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मात्र खोलीच्या तापमानाला टिकते आणि तोंडाने घेता येते. ती खेड्यात, नर्सबाईच्या हातून दिली तर उपयोग होतो का, हा प्रश्न.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगावच्या ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींवर ही चाचणी झाली. ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे बाळंतिणीला माहीत नाही आणि देणाऱ्या नर्सबाईलाही नाही. बाळंतपणं केली, गोळी दिली, रक्त मोजलं ते २५ एएनएमनी. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर इथे हाताशी नव्हते. रोज सायकलने किंवा वडापने गावं फिरणाऱ्या बायकांनी जागतिक दर्जाची मोजणी केली.

निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्के. १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजणं आणि थोडा ताप हे त्रास वाढले, पण ते तात्पुरते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यामागच्या पुराव्यात बेळगावच्या खेड्यांचा वाटा मोठा आहे.

टीकाही झाली. निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी का दिली, असं विचारलं गेलं. संशोधकांचं उत्तर असं की त्या वेळी तिथल्या बाईला एरवीही काहीच औषध मिळत नव्हतं, त्यामुळे कुणाचं चालू असलेलं काढून घेतलं नाही. हे उत्तर सगळ्यांना पटलं असं नाही. प्रश्न मात्र योग्य होता आणि आजही प्रत्येक चाचणीला तो विचारायला हवा.

या कामातून आणखी एक वस्तू पुढे आली. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी सांगता येत नाही. लुगड्यात, चादरीत, जमिनीवर गेलेलं रक्त अंदाजाने नेहमी कमीच धरलं जातं. म्हणून बाळंतिणीच्या खाली धरायचं प्लास्टिकचं कापड वापरलं, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि त्यावर मापाच्या रेषा. दुधाच्या मापासारखंच. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला. अशाच मापाच्या पिशवीने रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एवढ्यावर गंभीर परिणामांचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. त्या पिशवीची जुनी बहीण आपल्या जिल्ह्यात वापरली गेली होती.

खतावणी नसेल तर ताळेबंद कसला

मी कॉमर्सचा विद्यार्थी. त्यामुळे या साऱ्यात मला जास्त रस वाटतो तो नोंदवहीत. २००८ च्या सुमारास या जाळ्यातल्या सगळ्या ठिकाणी गरोदरपणाची नोंदवही सुरू झाली. ठरवून दिलेल्या भागांत, वर्षाला साधारण ३०० ते ५०० बाळंतपणं होतात अशा एकेका टापूत, प्रत्येक गरोदर बाईची नोंद करायची. दवाखान्यात आलेलीची तर करायचीच, न आलेलीचीही. बाळंतपण कुठे झालं, कुणी केलं, बाळ जिवंत का, वजन किती, आणि ४२ दिवसांनी आई-बाळ दोघं कसे आहेत, हे घरी जाऊन विचारायचं.

यात एवढं काय, असं वाटेल. दुकानदाराला विचारा. आज गल्ल्यात किती जमा झाले हे कुणीही सांगेल. पण किती मालावर किती जमा झाले हे खतावणीशिवाय कळत नाही. दवाखान्यात वर्षाला दहा बाया दगावल्या, हा वरचा आकडा झाला. खालचा आकडा, म्हणजे एकूण किती बायका बाळंत झाल्या, तो नसेल तर दहा म्हणजे जास्त की कमी हे ठरवायचं कसं? शिवाय घरीच, रस्त्यात, बैलगाडीत दगावलेली बाई दवाखान्याच्या वहीत येतच नाही. गरीब देशांतल्या आरोग्य आकडेवारीचं मुख्य दुखणं हेच. वरचा आकडा अर्धवट, खालचा अंदाजे.

बांगलादेशात हे काम फार आधी झालं. ढाक्यात १९६० मध्ये कॉलऱ्याची संशोधन प्रयोगशाळा निघाली, आणि मतलब या नदीकाठच्या भागात १९६० च्या दशकापासून घरोघरचे जन्म-मृत्यू टिपले जात आले आहेत. १९६८ मध्ये मीठ-साखरेच्या पाण्याचा कॉलऱ्यावर उपयोग होतो हे दाखवणारं काम ढाक्याच्याच प्रयोगशाळेचं. १९७८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय संस्था झाली आणि आजही चालू आहे. आपल्याकडे पुण्याजवळ वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून तशीच लोकसंख्येची नोंद ठेवली.

नोंदवही असली की प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हेही कळतं. या जाळ्याने सहा देशांत दाया, नर्सबाई आणि डॉक्टरांना नवजात बाळाची प्राथमिक काळजी शिकवली. बाळ जन्मताच रडलं नाही तर पुसून कोरडं करा, पाठ चोळा, गरज पडली तर पिशवीने श्वास द्या. निकाल २०१० मध्ये आला. पहिल्या सात दिवसांतले मृत्यू अपेक्षेइतके घटले नाहीत. पण मृत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण हजारी २३ वरून १५.९ वर आलं. याचा एक अर्थ अंगावर काटा आणणारा आहे. 'मेलेलं जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेली काही बाळं मेलेली नव्हती, फक्त श्वास घेत नव्हती. शिकवलेल्या हातांनी त्यांना श्वास दिला.

चांगलं औषध, उलटा निकाल

बाहेरचं संशोधन जसंच्या तसं आपल्या खेड्यात आणलं तर काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

कमी दिवसांचं बाळ जन्मणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवलं. श्रीमंत देशांत याने असंख्य बाळं वाचली. मग साधा विचार असा की हेच खेड्यातल्या प्राथमिक केंद्रापर्यंत नेलं तर गरीब देशांतही लाखो बाळं वाचतील. इंजेक्शन स्वस्त, द्यायला सोपं. वाट कशाला पाहायची?

जाळ्यातल्या संशोधकांनी तरीही चाचणी घेतली. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया हे सहा देश. भारतातली दोन ठिकाणं, बेळगाव आणि नागपूर. जवळपास एक लाख जन्म. निकाल पाहून जग चपापलं. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीतच. उलट एकूण बाळांमध्ये २८ दिवसांच्या आतले मृत्यू हजारी २३.९ च्या जागी २७.४ निघाले. आयांमध्ये जंतुसंसर्गही जास्त दिसला.

असं का झालं? एक कारण असं की खेड्यात दिवस नेमके किती भरलेत हे सांगणं कठीण. सोनोग्राफी नाही, पाळीची तारीख आठवत नाही, पोटाच्या उंचीवरून अंदाज. त्यामुळे ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांतल्या बहुतेकींची बाळं पुढे पुरेशा वजनाची निघाली, म्हणजे गरज नसताना औषध गेलं. दुसरं, स्टेरॉइडनंतर लहान बाळाला जी काळजी लागते, म्हणजे ऊब, ऑक्सिजन, जंतुसंसर्गावर उपचार, ती जवळ नव्हती. औषध तेच, भोवतीची व्यवस्था वेगळी.

पुढची पायरीही सांगायला हवी, नाहीतर गैरसमज होईल. जागतिक आरोग्य संघटनेने मग बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस पक्के करून आणि नवजात बाळांची सोय असलेल्या ठिकाणीच, पुन्हा चाचणी घेतली. २०२० मध्ये निकाल आला. नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवली. म्हणजे योग्य दवाखान्यात डॉक्टरांनी हे इंजेक्शन दिलं तर घाबरायचं कारण नाही. प्रश्न औषधाचा नव्हता, जागेचा होता.

आता कल्पना करा की इथे नोंदवही नसती, मोजायला शिकलेल्या नर्सबाई नसत्या. इंजेक्शन गावोगाव गेलं असतं. हजारात साडेतीन बाळं जास्त दगावली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. प्रत्येक घरात 'देवाची मर्जी' म्हणून विषय संपला असता.

नंतरच्या चाचण्या थोडक्यात. पहिलटकरणींना सहाव्या ते तेराव्या आठवड्यापासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, ११,९७६ बायका, कमी दिवसांची बाळंतपणं १३.१ वरून ११.६ टक्के (२०२०). कळा सुरू झाल्यावर ॲझिथ्रोमायसिनचा एकच २ ग्रॅमचा डोस, २९,२७८ बायका, आईला रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्के, बाळांना मात्र फरक नाही (२०२३). दोन्हींत बेळगाव आणि नागपूर. यातलं कुठलंही औषध आपल्या मनाने घ्यायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

शिकवणार कोण

संशोधक झाडाला लागत नाहीत. आपल्या देशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण देणारी पहिली मोठी संस्था कोलकात्याची, १९३२ ची, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने झालेली. पुण्यातली विषाणू संस्थाही अशीच. १९५२ मध्ये रॉकफेलर आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी मिळून ती काढली. पाच वर्षांत तिला परीक्षा द्यावी लागली. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या माणसांनी जंगलात मुक्काम ठोकला, गोचिडी गोळा केल्या आणि नवा विषाणू शोधला. तोच आपला माकडताप. १९७० च्या सुमाराला रॉकफेलरची माणसं आणि पैसा दोन्ही गेलं, आयसीएमआरने सगळं अंगावर घेतलं, आणि १९७८ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झालं. २०२० मध्ये करोनाचा विषाणू भारतात वेगळा केला तो तिथेच. बाहेरचा पैसा येतो आणि जातो. तो जाण्याआधी घरचा पैसा आणि घरची माणसं तयार होती, म्हणून पुण्याची संस्था टिकली.

माकडताप सांगायचं दुसरं कारण आपल्याला जवळचं आहे. अनेक वर्षं तो शिवमोग्याभोवतीच होता. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी भागात दिसला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला. काजूच्या बागेत काम करणाऱ्या, सरपण आणणाऱ्या माणसांना झाला. गोचीड राज्याची हद्द पाळत नाही. पण आरोग्य खाती पाळतात. कर्नाटकात या तापाचा साठ वर्षांचा अनुभव असताना हद्दीपलीकडच्या डॉक्टराला पहिल्या रुग्णाच्या वेळी तो अनोळखी असतो, हे दुखणं प्रशिक्षणाचं आहे.

अशा वेळी धावून जाणारे 'साथींचे गुप्तहेर' तयार करायचा एक अभ्यासक्रम जगभर आहे. दोन वर्षं, बहुतेक वेळ वर्गाबाहेर, साथ जिथे तिथे मुक्काम. उत्तर अमेरिकेबाहेर तो पहिल्यांदा थायलंडने १९८० मध्ये सुरू केला. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून. एमबीबीएस झालेल्या आपल्या मुलांना हा मार्ग कुणी सांगत नाही. घरोघर पीजीची सीट आणि तिची फी एवढाच विषय असतो. बेळगावातही २००६ पासून आयसीएमआरचं केंद्र आहे, जे आता पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखलं जातं. शहरातल्या किती पालकांना हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

प्रश्न कुणाचा, पैसा कुणाचा

गडचिरोलीचं काम बेळगावपेक्षा वेगळ्या वाटेने गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. गावातल्याच बाईला नवजात बाळाचं वजन, श्वास, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावांत नाही. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधला निकाल असा की तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर एकीकडे हजारी २५.५ आणि दुसरीकडे ५९.६. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्याचं मूळ या कामात आहे. शिक्षण बाहेरचं, प्रश्न मात्र गावाने विचारलेला.

बेळगावच्या जाळ्यात प्रश्न सगळ्या ठिकाणांनी आणि अमेरिकन भागीदारांनी मिळून ठरवायचे, आकड्यांची अंतिम जुळवणी नॉर्थ कॅरोलिनातल्या समन्वय केंद्रात. याने शिस्त आली, सहा-सात देशांचे आकडे एका मापाने मोजता आले, हा मोठाच फायदा. तोटा असा की किल्ली दूर राहते. १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने दाखवून दिलं होतं की जगातला आरोग्य संशोधनाचा फार थोडा पैसा विकसनशील देशांच्या आजारांवर खर्च होतो, आणि टाळता येण्याजोगे बहुतेक मृत्यू तर तिथेच होतात. त्यातून पुढे 'दहा-नव्वदची दरी' असा शब्दच रूढ झाला. ती दरी बाहेरच्या अनुदानांनी थोडी भरली. पण मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना अमेरिकन संस्थांमार्फत उप-अनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवून नवी आणणार असं जाहीर केलं, आणि विकसनशील देशांतल्या अशा सगळ्याच कामांपुढे प्रश्न उभा राहिला.

डॉक्टरांचं काही अडत नाही, त्यांना कॉलेज आहे. प्रकल्पावर नेमलेल्या नोंदणी करणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या माणसांचं अडतं. पाच वर्षांच्या प्रकल्पात माणूस दोन वर्षांत तयार होतो, तीन वर्षं उत्तम काम करतो आणि मग घरी बसतो. हिशेबाच्या भाषेत, मालमत्ता तयार केली आणि तिची नोंद खर्चात टाकली. पुण्याने जे केलं, म्हणजे सरकारी परिषदेने माणसांसकट संस्था ताब्यात घेतली, ते नोंदवहीच्या बाबतीत कुठल्या राज्याने करायला हवं हे अजून कुणी बोलत नाही.

आणि राज्य म्हटलं की आपला सीमाभाग आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. खानापूर तालुक्यातली सून चंदगडला माहेरी जाते, चंदगडची सून निपाणीला. इकडे तिच्याकडे कर्नाटकाचं तायी कार्ड, तिकडे महाराष्ट्राचं माता-बाल कार्ड. सातव्या महिन्यापर्यंतची नोंद एका राज्यात, बाळंतपण दुसऱ्यात, आणि सव्वा महिन्याने परत आल्यावर ४२ दिवसांची भेट कुणी द्यायची हा घोळ. दोन्हीकडच्या आशाताई फोनवरून एकमेकींना सांगतात तेवढंच. कागदावर अशी बाई दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही. दवाखाना बेळगावचा, रेशनकार्ड कोल्हापूर जिल्ह्याचं, अशी घरं आपल्याकडे कितीतरी. सीमाभागात माणूस तयार करायचा तर त्याला दोन्ही राज्यांचे फॉर्म आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषा यायला हव्यात. अशी माणसं इथे आहेत, ही आपली जमेची बाजू.

घरी फॉर्म घेऊन कुणी आलं तर

एवढं वाचल्यावर, उद्या आपल्याच सुनेला चाचणीत घ्यायला कुणी आलं तर काय, हा प्रश्न पडणारच. माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, मराठी घराला मराठीत. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवलं पाहिजे. सही बाईची, सासऱ्याची किंवा नवऱ्याची नव्हे. घरच्यांशी बोलायला वेळ मागता येतो. मध्येच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि नुकसानभरपाईचे नियम आहेत, २०१९ च्या औषध चाचणी नियमांत ते लिहिले आहेत. औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद आयसीएमआरच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असावी लागते. ही रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. परदेशी पैशाच्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. आणि माहितीपत्रकावर नैतिकता समितीचा संपर्क छापलेला असतो. तो छापलेला नसेल तर सही करू नका, आधी विचारा.